डोळ्याला डोळा

फेब्रुवारी सरत आला की आमच्या राजूरला दुपारचा कोरडा वारा सुटतो. शाळेच्या पटांगणातल्या लिंबाची पिवळी पानं सकाळी झाडून काढली तरी मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा ढीग होतो. शिवारात ज्वारी आडवी पडलेली असते, हरभऱ्याच्या खळ्यावरून उडालेला भुसा खिडकीतून वर्गात येतो आणि मुलं डोळे चोळत बसतात. शिपाई दहावीच्या बाकांवर बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागतो. त्या ओल्या डिंकाचा वास आला की मुलं धास्तावतात. मीही धास्तावते. गेली तीन वर्षं हे असंच.

यंदा दोन वर्षांच्या खंडानंतर मला पुन्हा पर्यवेक्षणाचा आदेश आला. मुख्याध्यापकांनी कागद पुढे सरकवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "जमेल ना मॅडम?" मी सही केली. खुर्चीवरून उठताना उजव्या कानामागचा व्रण नकळत चाचपला. केस वाढलेत, तो आता दिसत नाही. दिसत नव्हता तेव्हाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला होता.

मी मराठी शिकवते. झोपेच्या बाबतीत मी लहानपणापासून भाग्यवान. माझी माय माझ्या माहेरी, धावड्याला, लोकांच्या रानात कापूस वेचायला जायची आणि मला बांधावर कापसाच्या गाठोड्यावर टाकायची. ऊन सरकत जायचं तसं ती गाठोडं सरकवायची आणि मी काही उठायची नाही. बीएडला असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दहाला झोपायची, मैत्रिणी रडकुंडीला यायच्या. लग्नानंतर आमच्या विलासनी तक्रार केली होती, "हिला सांगत बसलं की निम्म्यातच घोरून राह्यती." झोप ही काही मिळवायची गोष्ट आहे, हे मला एक्केचाळीस वर्षं माहीतच नव्हतं.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. माझी एक विद्यार्थिनी बरेच दिवस शाळेत आली नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर मी स्कूटीवर तिच्या गावी जाऊन आले. परतीच्या वाटेवर कुणीतरी नवा गतिरोधक टाकला होता, त्यावर अजून पट्टे मारलेले नव्हते. हेल्मेट घरी खुंटीला होतं. यापुढचं मला आठवत नाही. मला आठवतं ते लोकांनी सांगितलेलं: की मी रस्त्याच्या कडेला बसून "माझी चप्पल कुठंय, माझी चप्पल कुठंय" असं एकसारखं विचारत होते, आणि चप्पल माझ्या पायातच होती.

जालन्यात टाके पडले. तिथून संभाजीनगरला नेलं. डोक्याच्या आत थोडं रक्त साकळलं होतं, पण कवटी उघडायची गरज नव्हती. पाचव्या दिवशी घरी सोडताना तरुण डॉक्टर म्हणाले, "तुमचं नशीब थोर आहे. आता औषध एकच, आराम. भरपूर झोपायचं."

एवढं एकच औषध होतं, आणि ते मला मिळेना.

पहिल्या आठवड्यात वाटलं, दुखतंय म्हणून झोप येत नसेल. टाके निघाले, दुखणं ओसरलं, तरी तेच. दहाला डोळे मिटायचे आणि साडेअकराला टक्क उघडायचे. मग पहाटेपर्यंत काहीच नाही. शेतीची वीज रात्रीची असायची. वीज आली की दूरच्या मळ्यांत एकेक मोटार सुरू व्हायची आणि ती घरघर माझ्या कानामागच्या व्रणातून आत शिरायची. पूर्वी मला हे आवाज ऐकूच येत नसत. आता भिंतीवरच्या पालीचा आवाजही मोठा वाटे. कूस बदलायची, पाणी प्यायचं, उठून ओट्यापाशी उभं राहायचं, पुन्हा आडवं व्हायचं. शेजारी विलास गाढ झोपलेले असत. ते जालन्याच्या एका बियाणं कंपनीत नोकरीला, रोजचं जाणं-येणं मोटारसायकलवर, थकून येत. त्यांचा तो संथ श्वास ऐकून मला आधी हेवा वाटे, मग राग येई. एकदा मी त्यांना मुद्दाम जोरात हलवून उठवलं. ते दचकून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही न्हाई. तुम्ही झोपलात म्हणून." ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत भीती होती. नवऱ्याला आपली भीती वाटते, हे कळण्याइतकं एकटं पाडणारं दुसरं काही नाही.

आणि दिवसा झोप यायची. यायची म्हणणं चूक आहे, कोसळायची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी पुन्हा शाळेत रुजू झाले. नववीच्या वर्गात फळ्यावर समास लिहीत होते, खडू हातात होता. पुढचं कळलं ते मी खुर्चीत होते, मान एका बाजूला, ओठांच्या कडेला लाळ, आणि साठ मुलं अगदी गप्प. एरवी ज्या वर्गाला गप्प करायला मला छडी आपटावी लागे, तो वर्ग माझ्यासाठी गप्प बसला होता. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

शिक्षकांच्या खोलीत सगळे विचारपूस करत. "टाके तर वाळले मॅडम, आता काय तरास?" मी म्हणायची, झोप येत नाही. मग हसू फुटायचं. "आमाले बी येत न्हाई मॅडम, पोरांच्या सराव परीक्षा तपासून तपासून." "तुम्ही तर बराबर दिसून राह्यल्या." दिसायला बरोबर असणं हा गुन्हा वाटायला लागला. पाय मोडला असता तर प्लास्टर दाखवता आलं असतं.

घरी त्याच वर्षी आमची प्रज्ञा दहावीला होती. एकुलती एक लेक, मुळातच अबोल. ती मुख्य खोलीत दिवा लावून अभ्यासाला बसे. पण मला उजेड सोसत नसे, म्हणून तिने आपणहून दिव्याला जुनी ओढणी गुंडाळली. तेवढ्या पिवळ्या उजेडात ती प्रमेयं पाठ करायची. मी आतल्या खोलीत डोळे मिटून पडलेली, आणि तिच्या वहीचं पान उलटलं की तो आवाज मला कागद नव्हे, पत्रा फाटल्यासारखा लागे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली ती संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी तिचा इंग्रजीचा पेपर होता. आदल्या दोन दिवसांत मिळून मी तीन तासही झोपले नव्हते. नुकता डोळा लागतोय असं वाटत होतं, हातपाय जड होत होते, आणि पान उलटलं. मी उठले, तिच्या हातातली वही ओढली आणि भिंतीवर फेकली. "मरून जाऊ का मी? तेवढ्यासाठी वाचून राह्यली का तू?" माझ्याच तोंडचे शब्द. वहीचा पुठ्ठा निघून पडला. प्रज्ञा रडली नाही. तिने पानं गोळा केली, नीट लावली, आणि हळू म्हणाली, "मम्मी, मी काकूच्या गच्चीवर जाते. तू झोप."

त्या दिवसापासून ती शेजारच्या गच्चीवर अभ्यास करू लागली. मला शांतता मिळाली. झोप नाही मिळाली.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. खसखशीचं दूध झालं, जायफळ उगाळून झालं, उशाशी कांदा ठेवून झाला. औषधाच्या दुकानातून मी स्वतःच्या अकलेने गोळ्या आणल्या. त्यांनी झोप न येता नुसतं बधिर व्हायला होई, आणि सकाळी ब्रशवर पेस्टऐवजी मलम लावलेलं सापडे. विलासनी फोन करून मायला बोलावून घेतलं. ती धावड्याहून पिशवीत काशाची वाटी घेऊन आली. रोज जेवणं झाली की माझे पाय मांडीवर घेऊन तळव्यांना तेल चोळायची. तिची बोटं कापसाच्या बोंडांनी फाटून फाटून कडक झालेली, ती तळव्याला खरखरीत लागत. ती चोळता चोळता म्हणायची, "मी तुला पाठीशी बांधून खुरपलं वंदे. तू झोपंसाठी कधी रडली न्हाई. आताच काय झालं माझ्या बाईला?"

शेजारच्या काकूंनी गणपतीच्या देवळातून अंगारा आणून दिला. चांगल्या मनाने दिला. पण आमच्या घरात अंगारे-धुपारे कधीच नव्हते. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव उतरवले होते, आणि माय त्या बाबतीत दगडासारखी पक्की. ती पहाटे उठून त्रिसरण म्हणते, बाकी कुणापुढे हात जोडत नाही. "डागदर हाय, औषध हाय. राखंनं काय होतं?" असं तिने मला हजारदा शिकवलेलं, आणि मी माझ्या वर्गाला शिकवलेलं. मी ती पुडी स्वयंपाकघरात डब्यामागे ठेवली. तीन रात्री मला ती पुडी तिथे आहे हे आठवत राहिलं. चौथ्या रात्री माय झोपल्यावर मी उठले आणि अंधारात चिमूटभर अंगारा कपाळाला लावला. लावताना मी रडत होते. देवावर विश्वास बसला म्हणून नव्हे. माझ्याकडे माझं असं जे काही होतं, त्यातलं एकेक मी झोपेच्या बदल्यात देऊन टाकत होते, आणि समोरून काहीच मिळत नव्हतं.

सकाळी मायने माझं कपाळ पाहिलं. पदर ओला केला, पुसायला हात वर नेला, आणि तसाच खाली घेतला. पुसलं नाही तिने. म्हणाली, "चहा टाकते."

मला तिचा तो खाली आलेला हात आजही दिसतो.

बीजगणिताच्या पेपरला माझी नेमणूक शेजारच्या गावातल्या केंद्रावर होती. आपलं मूल परीक्षेला असलं की त्याच्या केंद्रावर ड्यूटी मिळत नाही, म्हणून दूर पाठवलं होतं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं होतं, "सर, मला नका देऊ यंदा." ते म्हणाले, "माणसं कुठंयत मॅडम? दोन तास खुर्चीत बसायचं, त्यात काय?" ते काही दुष्ट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यात काही नाही.

पत्र्याचा वर्ग, अकराचं ऊन. मी ठरवलं होतं बसायचंच नाही. पहिला तासभर रांगांमधून फिरत राहिले. पंख्याचा कटकट आवाज, पेनांची कुरकुर, दाराबाहेर पाण्याच्या माठावरची माशी. मग फिरणं रेटेना. वाटलं, मिनिटभर टेकते. टेबलाच्या कडेला धरून खुर्चीत बसले.

"मॅडम." कुणीतरी टेबलावर हात ठेवला होता.

डोळे उघडले तेव्हा समोर भरारी पथकातल्या बाई उभ्या होत्या, मागे केंद्रसंचालक. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी होती, पथकातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात तिच्याकडचा कागद. बाकीची मुलं खाली मान घालून लिहीत असल्याचा आव आणत होती. ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, सांगा ना यांना. मी काढलाच नव्हता तो."

काढला होता की नव्हता? मला काय माहीत. मी तिथे होते आणि नव्हते. मी जागी असते तर पेपर वाटायच्या आधीच खिसे, कंपास पाहिले असते, पुन्हा एकदा "असेल ते बाहेर ठेवा" म्हटलं असतं, नजरेच्या धाकाने तो कागद तिच्या कंपासमध्येच राहिला असता. सतरा वर्षांत माझ्या वर्गात एक मूल धरलं गेलं नव्हतं, ते यामुळेच. त्या मुलीला बाहेर नेलं. जाताना तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. तिची ती परीक्षा गेली. पुढे जुलैत ती पुन्हा बसली आणि पास झाली, हे मला कळलं. पण मी तिला भेटायला गेले नाही. जायला हवं होतं. गावाचं नाव माहीत होतं, घर सापडलं असतं. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारा कागद हातात पडला. आमचे विज्ञानाचे पठाण सर माझे जुने सहकारी. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, बीपी लो झाला असं लिहा. चक्कर आली. डॉक्टरचा कागद मी आणून देतो. बात खतम."

"पण चक्कर न्हाई आली सर. झोप लागली."

"झोप लिहिली तर कुणी माफ करत न्हाई मॅडम. चक्कर लिहिली तर करतेत."

ते खरं बोलत होते. मी घरी येऊन कोऱ्या कागदापुढे बसले. आजार म्हणून लिहावं तर आजाराला नाव नव्हतं. शेवटी एवढंच लिहिलं: "डोक्याला मार लागल्यापासून मला रात्री झोप येत नाही. पर्यवेक्षण करताना मला झोप लागली. चूक माझी आहे." वाचून विलास म्हणाले, "यानं नोकरी जाईल वंदना." मी म्हटलं, "गेली तर झोपायला मोकळी."

तो खुलासा शिक्षण खात्याच्या कचेरीत द्यायला मी एसटीने जालन्याला निघाले. खिडकीपाशी बसले. गाडीने राजूर सोडलं, दोन्हीकडे पळस पेटलेला, काचेतून ऊन मांडीवर पडलं. आणि मला कुणीतरी खांद्याला धरून हलवत होतं. "ताई, जालना आलं. उतरायचं न्हाई का?" कंडक्टर बाई होती, चाळिशीची, काळीसावळी, केसांत अबोलीचा गजरा. गाडी रिकामी झाली होती. मी झोपले होते. मधे एकदाही न उठता, स्वप्नाशिवाय, पूर्वीसारखी.

मी त्या बाईचा हात धरला, तो खाली उतरेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर शाळेने मला वैद्यकीय रजेवर पाठवलं, आणि मी गाड्यांमध्ये झोपायला लागले. विलास कामावर गेले, प्रज्ञा गच्चीवर गेली की मी मायला "जरा दवाखान्यात जाऊन येते" म्हणून सांगायची आणि मिळेल ती एसटी धरायची. जालना, भोकरदन, परत राजूर. ती कंडक्टर बाई दोन-तीनदा भेटली. एकदा तिने तिकीट फाडता फाडता खालच्या आवाजात विचारलं, "घरी काही तरास हाय का ताई?"

"न्हाई बाई. झोपायला येते मी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आमच्या शाळेतल्या कुणी, नात्यातल्या कुणी त्या दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं तसं. "मंग खिडकीपाशी बसू नका. डोकं आपटंल." तिने आपला टॉवेल काढला, घडी केली, सीटच्या दांड्यावर ठेवली. "टेका इथं. मी उठवते."

चोरून दारू पिणारी माणसं मला तेव्हा समजली. तोच खोटेपणा, तीच ओढ. तासभर झोप मिळायची आणि त्या तासाच्या बदल्यात रात्र आणखी कोरडी जायची. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळूनही पाय एसटीच्या थांब्याकडेच वळत.

प्रज्ञाचा शेवटचा पेपर भूगोलाचा. वहीच्या त्या प्रसंगानंतर आमच्यात बोलणं जेमतेम होतं. मी तिला आदल्या दिवशी म्हटलं, "पेपर सुटला की मी गेटवर असेन. आपण उसाचा रस पिऊ." ती म्हणाली, "ये बरं का मम्मी." सकाळी तिला सोडलं आणि वाटलं, दोन तास आहेत. जालन्याकडून आलेली गाडी समोर उभी होती. पुढच्या दोन-तीन गावांपर्यंत जाऊन मिळेल त्या गाडीने परत येऊ, असं ठरवून चढले. कंडक्टर अनोळखी होता. उठले ते भोकरदनच्या आगारात. गाडी कडेला लावलेली, आत मी एकटी. घड्याळात साडेतीन. मोबाईल बंद पडलेला.

राजूरला परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. घराच्या पायरीवर विलास बसले होते. कामावरचे कपडे, गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला काटे ओरखडलेले. माय दारात उभी, तिच्या मागे प्रज्ञा.

"कुठं गेल्तीस?" विलासनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"झोपायला."

"कुठं?"

"एसटीत."

ते चिखलाच्या पायांकडे बघत म्हणाले, "मी तीन विहिरी पाहून आलो, वंदना."

मी तिथेच खाली बसले. मला म्हणावंसं वाटलं की असं कसं वाटलं तुम्हाला, मी तसली बाई आहे का. पण ते खोटं झालं असतं. असा विचार मनात कधी आलाच नाही, असं मी म्हणू शकत नव्हते. मरण नको होतं मला. पण डोळे मिटले की मिटलेले राहतील अशी जागा हवी होती, आणि रात्री तीनच्या सुमाराला या दोन गोष्टींतला फरक फार बारीक होतो. मी त्यांना तेव्हा हे सगळं सांगितलं, सासरमाहेर, लेक, कुणाची भीड न ठेवता. सांगून झाल्यावर माय म्हणाली, "उद्या दवाखान्यात जायचं. मी संग येते. आता काय खोटं न्हाई बोलायचं, ना तू, ना आम्ही."

संभाजीनगरच्या त्या डॉक्टर बाई वयाने मोठ्या होत्या. मला पहिल्यांदा तपासणाऱ्या त्या तरुण डॉक्टरांनीच त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी जुना स्कॅन पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "रात्री किती वाजता जाग येते? दिवसा किती वेळा डोळा लागतो? आवाज, उजेड सोसतो का? चिडचिड होते? जगणं नकोसं वाटतं?" दोन महिन्यांत हे प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. मी एकेक उत्तर देत गेले. त्या लिहीत गेल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "डोक्याला मार बसला की झोपेची घडी विस्कटते. हे खूप जणांना होतं. कुणी नुसतं झोपून राहतं, कुणाला झोप येत नाही, तुमच्यासारख्यांचं दिवस-रात्र उलटंपालटं होतं. हे नाटक नाही आणि वेडही नाही."

मी तिथे हमसून हमसून रडले. माय पाठीवर हात फिरवत होती आणि डॉक्टरांना सांगत होती, "रडू द्या तिला. हे ऐकायलाच ती हिंडून राह्यली होती."

मग बोलणी खाल्ली. दुकानातल्या गोळ्या बंद. एसटीतली झोप बंद. बाईंनी थोडं औषध दिलं, पण भर दिला तो घडी पुन्हा बसवण्यावर: झोप येवो न येवो, पहाटे ठरल्या वेळी उठायचं, उन्हात चालायचं, दिवसा आडवं व्हायचं नाही, अंथरुणात तळमळत पडायचं नाही. आणि नकोसं वाटलं की एकटीने गप्प राहायचं नाही, कुणाला तरी उठवायचं. हे शेवटचं त्यांनी विलासकडे बघून सांगितलं. ऐकायला सोपं, करायला जिवावर येणारं. पहिले काही आठवडे मी दुपारी उभ्याने रडायची, कारण बसलं की झोप लागे. माय मला अंगणात धान्य निवडायला बसवायची आणि मान कलली की काठीने हळूच टोचायची. तिच्या डोळ्यांत पाणी असे, पण टोचायची.

झोप एकदम परत आली नाही. पावसाळ्यात तीन तास सलग, दिवाळीत चार. वर्ष उलटल्यावर पाच. आजही पाचच. कधीमधी एखादी रात्र पूर्ण कोरडी जाते आणि मला पुन्हा ते घर, तो अंधार, ती घरघर आठवून घाम फुटतो. खुलाशावर मला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. प्रज्ञाला चांगले गुण मिळाले. त्या गुणांचे पेढे वाटताना मला लाज वाटत होती, कारण त्यांत माझा वाटा एका फाटलेल्या वहीचा होता.

मी समजत होते की त्या परीक्षेच्या दिवसांनी जे घेतलं ते माझ्याकडून घेतलं. गेल्या जुलैत प्रज्ञा संभाजीनगरला कॉलेजला गेली, वसतिगृहात राहायला लागली. आठवड्याने तिचा फोन आला. जेवण बरं आहे, मैत्रिणी चांगल्या आहेत, गादी पातळ आहे. मी विचारलं, "झोप लागते ना?" हा प्रश्न मी आता सगळ्यांनाच विचारते.

"लागते मम्मी. इथं मस्त लागते." मग म्हणाली, "घरी लागत न्हवती."

"कधीपासून?"

"तू पडल्तीस तेव्हापासून. तू उठलीस की मी पण जागी व्हायची. डोळे मिटून पडायची. तू दार उघडतीस का ते ऐकायची. तू परत येऊन आडवी झालीस की मंग झोपायची."

"अगं, मंग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर तू अजून जागली असती."

अडीच वर्षं. दहावी, अकरावी, बारावी. मी अंधारात छताकडे बघत जगातली सगळ्यात एकटी बाई म्हणून पडलेली असायची, आणि दहा हातांवर माझी पोर कान टवकारून जागी होती.

पुढच्या रविवारी मी कुणाला न सांगता संभाजीनगरला गेले. वसतिगृहाच्या खोलीवर पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. तिची मैत्रीण दारात केस विंचरत होती. ती प्रज्ञाला हाक मारणार तेवढ्यात मी तिला थांबवलं. खोलीत भरपूर उजेड होता, मोबाईलवर कुणाची तरी गाणी चालू होती, जिन्यात पोरी खिदळत होत्या, आणि प्रज्ञा त्या पातळ गादीवर हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मी समोरच्या कॉटवर बसले. पिशवी मांडीवरच ठेवली, वाजेल म्हणून.

दीड तासाने तिने कूस बदलली, डोळे किलकिले केले, मला पाहिलं.

"कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हटलं. "झोप तू."